सहा वर्षं न जळलेली केरसुणी

कारखान्यात मामाच्या पुढे जायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मॅनेजरबाईसुद्धा त्याच्या मागून चालायच्या. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असायचे, पण मामा कॅन्टीनच्या दारातून सावकाश आत शिरेपर्यंत अख्खी पाळी त्याच्या पाठीमागे ताटकळत उभी राहायची. सगळे त्याला मामाच म्हणायचे, पण तो कुणी मोठा अधिकारी नव्हता. अंगाने किरकोळ, हुद्द्याने शेवटून दुसरा. पण दिवसातून तीनदा त्याच्या हातात केरसुणी असायची, आणि केरसुणीच्या पुढे कुणी जायचं नाही हा त्या कारखान्याचा पहिला नियम होता. मामाच्या हातात ती नसतानाही लोकांच्या पायांना सवय लागून गेली होती.

हे ऐकून कुणालाही वाटेल की तिथली माणसं वेडी आहेत. आहेतच, पण या बाबतीत नाहीत.

तिथे पाण्यापासून हायड्रोजन बनत असे. मागच्या माळावर सूर्याच्या उन्हावर चालणारी पॅनेलं आणि पवनचक्क्या होत्या. त्यांची वीज पाण्यात सोडायची, पाणी फुटायचं, त्यातला ऑक्सिजन हवेत जायचा आणि हायड्रोजन पाइपांतून शेजारच्या लोखंडाच्या भट्ट्यांत. तिथे तो जळला की धूर नाही, काजळी नाही, नुसती पाण्याची वाफ. जग तापत चाललंय, कोळसा आता पुरे करा, असं जाणती माणसं ओरडून ओरडून थकली होती. त्यांचं थोडं तरी कुणीतरी ऐकलं, त्यातून हा कारखाना उभा राहिला होता.

या गॅसची एकच खोड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कुठे पाइपाच्या सांध्यातून गळून तो पेटला, तर भर दिवसा त्याची ज्वाला दिसत नाही. हातभर लांबीची आग समोर भडकलेली असते आणि माणसाला वाटतं समोर काहीच नाही. खांबांवर यंत्राचे बारा डोळे बसवले होते. ते कडक उन्हात दिपायचे, आणि पलीकडे कुणी वेल्डिंग केलं की आकांत करायचे. म्हणून ज्या बुजुर्ग इंजिनिअरने कारखाना उभारला, त्याने जाता जाता एक साधी सोय करून ठेवली. सहा फुटांची काठी, तिच्या टोकाला वाळलेल्या गवताची मऊ केरसुणी. ती पुढे धरून पाइपांच्या कडेने चालायचं. एक पाऊल, मग केरसुणी गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत फिरवायची, मग दुसरं पाऊल. केरसुणी पेटली की थांबायचं. नाही पेटली की पुढे जायचं.

मामाने सहा वर्षं हेच केलं. एका फेरीला चारशे बारा पावलं. केरसुणी तीच, फक्त बांधायची दोरी तीनदा बदललेली. तिने कधी जमीन झाडली नाही. आणि या सहा वर्षांत तिची एक काडीसुद्धा जळली नव्हती. मामाला याचा अभिमान होता. त्याच्या आयुष्यात अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नव्हत्या, त्यामुळे ही एक तो जपून वापरायचा.

सवय घरापर्यंत पोहोचली होती. कुठल्याही दारातून आत जाताना मामा आधी छत्री नाहीतर पिशवी पुढे करायचा, वरखाली फिरवायचा, मग पाऊल टाकायचा. न्हाणीघरात शिरताना टॉवेल फिरवायचा. वहिनी म्हणायची, "भाऊजी, माझ्या स्वयंपाकघरात आग लागली तर ती दिसेल हो तुम्हाला. साधी आहे ती."

मामाने लग्न केलं नव्हतं. तो दादा-वहिनींकडे राहायचा, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, शेजारच्या त्याच भट्ट्यांतल्या सगळ्यात मोठ्या भट्टीच्या तोंडाशी सव्वीस वर्षं उभा होता. त्यातली पंचवीस वर्षं कोळशाची. कोळशाने दादाच्या छातीत घर केलं होतं. गेल्या वर्षापर्यंत तिसरा मजला गाठायला त्याला दोन थांबे लागायचे. पहिल्या मजल्याच्या वळणावर वहिनीने एक स्टूल ठेवलं होतं. दादा त्यावर बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत श्वास गोळा करायचा. त्याचा तो आवाज जिन्यात ऐकू आला की मामा आपली पावलं हळू करायचा.

पहिली पाच वर्षं हायड्रोजन फक्त लहान भट्ट्यांना जायचा; गेल्या वर्षी तो मोठ्या भट्टीलाही जोडला गेला. सहा महिन्यांत दादाचं स्टूलावर बसणं सुटलं. नुसता दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकायचा, बस. मोकळ्या स्टूलावर वहिनीने एक कुंडी ठेवून दिली. दादाला मात्र यातलं काहीही मान्य नव्हतं. आपली तब्येत वहिनीच्या काढ्याने सुधारली असं तो छातीठोकपणे सांगायचा. आणि रोज संध्याकाळी, मामा पुढे आणि तो मागे असे जिना चढताना, तो धाकट्याची खेचायचा.

"काय रे धाकट्या, आज काय झालं तुमच्याकडे?"

"काही नाही."

"तुमच्याकडे कधी काही होतच नाही! गॅस दिसत नाही, आग दिसत नाही, धूर येत नाही आणि केरसुणी जळत नाही. पगार तरी दिसतो का?"

मामा हसायचा. पाठीमागे दादाची पावलं मोजायचा आणि हसायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारी तपासनीस आला.

तपासनीस म्हणजे नीटनेटका माणूस. शर्टाला कडक इस्त्री, खिशात तीन पेनं, हातात पुठ्ठ्याला लावलेला चाळीस पानी फॉर्म. त्याने टाक्या बघितल्या, व्हॉल्व्ह बघितले, यंत्राचे बारा डोळे बघितले आणि बरोबरच्या खुणा करत करत तो एकतिसाव्या पानावर आला. तिथे यादीत लिहिलं होतं : ज्वाला-शोधक उपकरण, गवती, एक नग.

"हे कुठे आहे?"

मामाने केरसुणी पुढे केली.

"किती वेळा इशारा दिलाय याने?"

"एकदाही नाही," मामा छाती फुगवून म्हणाला.

"सहा वर्षांत एकदाही नाही?"

"काडी जळलेली नाही साहेब. हात लावून बघा."

तपासनिसाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग हे चालतं कशावरून?"

मामाला प्रश्नच कळेना. "आग लागली नाही, म्हणून जळली नाही."

"आग लागली नाही हे कशावरून?"

"केरसुणी जळली नाही त्यावरून."

"आणि केरसुणी चालते कशावरून?"

मामाने मॅनेजरबाईंकडे बघितलं. मॅनेजरबाईंनी केरसुणीकडे बघितलं. केरसुणी कुणाकडेच बघेना.

"जी घंटा सहा वर्षांत वाजली नाही," तपासनीस समजावणीच्या सुरात म्हणाला, "ती घंटा आहे की उलटं टांगलेलं पातेलं, हे मी कसं ठरवायचं? मला पुरावा लागेल. उपकरणाला प्रमाणपत्र मिळेपर्यंत मोठ्या भट्टीचा गॅस बंद."

"अहो, पण भट्टी थंड नाही ठेवता येत," मॅनेजरबाई म्हणाल्या. "ते लोक कोळसा लावतील."

"कोळशाच्या आगीला केरसुणी लागत नाही," तपासनीस म्हणाला आणि फॉर्मवर फुली मारली. "ती दिसते."

दुसऱ्या दिवसापासून भट्टीत कोळसा पडला. दादा संध्याकाळी फाटकाशी भेटला तेव्हा त्याच्या भुवया काळ्या झाल्या होत्या आणि चेहरा फुलला होता. "आज खरी आग बघितली रे! लाल, पिवळी, मधे निळी. आवाज करते, अंगावर येते. आग कशी असावी तर अशी!" असं म्हणत तो जिना चढायला लागला, दुसऱ्या मजल्याच्या आधीच त्याचं बोलणं तुटलं, आणि मग मामाला मागून फक्त तो जुना आवाज ऐकू आला. मामा वळला नाही. वळलं की दादाला राग यायचा.

बुधवारी तो पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबला, त्याने स्टूलावरची कुंडी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि बसला. मामा दोन पायऱ्या वर उभा राहून भिंतीवरचा विजेचा मीटर वाचत असल्याचं सोंग करत होता. त्याला रडू येत होतं. एका केरसुणीपायी आपल्या भावाचा श्वास जातोय, आणि ती केरसुणी चांगली आहे हे आपण सांगू शकत नाही, याची त्याला लाज वाटत होती.

इकडे मॅनेजरबाईंनी कंबर कसली होती. मंगळवारीच त्यांनी केरसुणी घेऊन मामाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या माणसाने मनापासून काम केलं. काचेच्या पेटीत हायड्रोजनची ज्वाला लावली, केरसुणी आत सरकवली आणि घड्याळ बघितलं. पाव सेकंदात भडका. सहा वर्षांचा सोबती मामाच्या डोळ्यांदेखत गेला. पांढरा कोट म्हणाला, "वा! इतकं संवेदनशील उपकरण मी आजवर बघितलं नाही." त्याने शिक्का मारून प्रमाणपत्र दिलं : 'उपकरण क्रमांक एक, अत्युत्तम.' आणि राख एका काचेच्या बाटलीत भरून, झाकणाला लाख लावून मामाच्या हाती ठेवली. मामा बसमध्ये बाटली मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईने विचारलं, "कोण होतं?" मामाने बाटली आणखी घट्ट धरली.

तपासनिसाने प्रमाणपत्र दोनदा वाचलं. "छान. उपकरण दाखवा."

मामाने नवी केरसुणी पुढे केली.

"हे क्रमांक दोन आहे. प्रमाणपत्र क्रमांक एकचं आहे."

"क्रमांक एक जळली ना साहेब, तपासताना."

"मग क्रमांक दोन तपासून आणा."

क्रमांक दोन तपासली. अत्युत्तम. क्रमांक तीन, चार आणि पाच एकदम नेल्या. अत्युत्तम. गुरुवारी दुपारपर्यंत मॅनेजरबाईंच्या कपाटात नऊ बाटल्या ओळीने उभ्या होत्या, भिंतीवर नऊ प्रमाणपत्रं होती आणि कारखान्यात एकही केरसुणी नव्हती. बाजारातल्या केरसुण्या संपत आल्या होत्या. पांढरा कोट आता मामाला चहा पाजायला लागला होता.

मग मॅनेजरबाईंना एक युक्ती सुचली. दहावी केरसुणी अर्धीच जाळायची. पांढऱ्या कोटाने ओलं फडकं गुंडाळून मोठ्या कौशल्याने तिचा डावा अर्धा भाग जाळला आणि उजवा वाचवला. मामाने ती अर्धी केरसुणी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून आणली.

तपासनिसाने ती उलटसुलट करून बघितली. "डावा भाग प्रमाणित आहे."

"हो ना!" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"पण तो जळालाय. उजवा आहे, पण तो तपासलेला नाही."

"अहो, एकाच गवताचे दोन भाग आहेत!"

"एकाच आईच्या दोन मुलांपैकी एक परीक्षा पास झाला, तर दुसऱ्याला डिग्री देता का?"

मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला. त्या शिकलेल्या बाई होत्या. पाणी फोडायच्या यंत्राचे बारीकसारीक बिघाड त्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. पण या माणसापुढे त्यांनी हात टेकले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तुम्हीच सांगा, काय चालेल तुम्हाला?"

तपासनीस जरा दुखावला. "मी काही तुमच्या वाइटावर नाही हो. उलट शनिवारी मोकळं व्हावं अशीच माझी इच्छा आहे. तुमच्याकडे प्रमाणित उपकरण आहेच की." त्याने कपाटातली पहिली बाटली काढली. "क्रमांक एक. प्रमाणपत्र आहे, शिक्का आहे. हे काठीला बांधा, माझ्यासमोर एक फेरी मारा, मी सही करतो."

"ती राख आहे," मॅनेजरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"तिची अवस्था बदललीय. क्रमांक नाही बदलला."

शुक्रवारी दादा कामावर गेला, पण परत यायला त्याला दोन माणसांनी धरून आणलं. रात्रीच्या जेवणाला तो उठला नाही. वहिनी काढा उकळत होती, आणि उकळता उकळता एकदम म्हणाली, "भाऊजी, याने काही होत नव्हतं, माहितीये मला. तुमच्या त्या न दिसणाऱ्या गॅसनेच होत होतं. लवकर सुरू करा हो तो." तिने पदर डोळ्यांना लावला. मामा मान खाली घालून बसला. मग कोपऱ्यात उभी असलेली घरची केरसुणी त्याच्या नजरेस पडली. मऊ, गवती, कोरडी ठणठणीत.

शनिवारी सकाळी सगळा कारखाना पाइपांच्या रांगेशी जमला. पाच दिवस रिकाम्या असलेल्या मोठ्या पाइपात मॅनेजरबाईंनी नुकताच गॅस सोडला होता, कमी दाबाने. फेरी नीट पार पडली की दाब वाढवायचा आणि भट्टीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. मामाच्या डाव्या हातात सहा फुटांची काठी होती, तिच्या टोकाला राखेची बाटली. उजव्या हातात वहिनीची केरसुणी, तीही दुसऱ्या काठीला बांधलेली.

"हे काय?" तपासनिसाने विचारलं. "हे अप्रमाणित आहे."

"हे उपकरण नाही साहेब. घरची केरसुणी. झाडायला आणलीय."

"काय झाडायला?"

मामाने इकडेतिकडे बघितलं. जमीन लख्ख होती. "हवा," तो म्हणाला.

तपासनिसाने फॉर्म चाळला. पुढून मागे, मागून पुढे. "सफाईचं साहित्य माझ्या अखत्यारीत येत नाही," तो शेवटी म्हणाला. "झाडा हवा. पण नोंद फक्त डाव्या हाताची होईल."

फेरी निघाली. मामा पुढे, त्याच्या मागे तपासनीस, मग मॅनेजरबाई, मग पाळीतली माणसं. एक पाऊल, उजव्या हाताने हवा झाडायची, डाव्या हाताने बाटली नाचवायची, दुसरं पाऊल. लांबून बघणाऱ्याला ही कसली मिरवणूक चाललीय ते कळलं नसतं. शंभर पावलं झाली. दोनशे झाली. प्रत्येक दहा पावलांना तपासनीस लिहायचा : 'उपकरण शांत.' राख शांत नसेल तर काय करेल?

दोनशे एकाहत्तराव्या पावलाला, सतरा नंबरच्या सांध्यापाशी, केरसुणी भप्पकन पेटली.

सहा वर्षं मामाने या क्षणाची वाट बघितली होती, आणि तो आला तेव्हा त्याला पहिल्यांदा काही सुचलंच नाही. समोर काही नव्हतं. ऊन होतं, पाइप होता, पाइपामागे निळं आभाळ होतं, आणि मधे हवेत त्याच्या वहिनीची केरसुणी पिवळ्याजर्द ज्वाळांनी जळत होती. मग त्याच्या घशातून असा आवाज निघाला की तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "थांबा! कुणी पुढे यायचं नाही!"

सगळे जागच्या जागी थिजले. फक्त तपासनीस थिजला नाही. तो नियमाने चालणारा माणूस होता, आणि हा नियम त्याच्या चाळीस पानांत नव्हता.

"तुमचं ते सफाईचं साहित्य बाजूला घ्या," तो म्हणाला. "प्रमाणित उपकरणाने काहीही इशारा दिलेला नाही. म्हणजे इथे ज्वाला नाही." आणि नेमकी कुठे नाही ते दाखवायला त्याने फॉर्मचा पुठ्ठा पुढे केला.

मामाने राखेची काठी आडवी घालून त्याला छातीशीच अडवलं. माणूस वाचला. फॉर्म वाचला नाही. चाळीस पानं, खुणा आणि फुल्यांसकट, एका श्वासात पेटली. तपासनिसाने किंकाळी मारून पुठ्ठा फेकला आणि तो मटकन खाली बसला. मॅनेजरबाई तोवर व्हॉल्व्हकडे धावल्या होत्या. गॅस बंद झाला. पाच दिवस गॅस नसल्यामुळे सतरा नंबरच्या सांध्यातलं रबराचं सील आखडलं होतं, एवढंच कारण. बाईंनी सील बदलून घेतलं, आणि हात लागलाच आहे तर रांगेतले सगळेच सांधे उघडून तपासून घेतले. संध्याकाळ झाली.

संध्याकाळी बाईंच्या खोलीत तिघं बसली. तपासनिसाच्या खिशातली तीन पेनं शाबूत होती, पण तो सकाळपेक्षा बराच लहान दिसत होता. त्याच्यापुढे नवा कोरा फॉर्म होता.

"आता तरी पटलं ना साहेब, केरसुणी चालते ते?" मामा म्हणाला. "लिहा. सहा वर्षांनी पेटली म्हणून लिहा. एवढं एक लिहा."

तपासनिसाने पेन उघडलं, बंद केलं. "लिहीन. पण मग कशाने इशारा दिला ते लिहावं लागेल. एक अप्रमाणित केरसुणी. आणि एक," तो अडखळला, "एक अप्रमाणित फॉर्म. मग हे फॉर्म प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. सगळे. आणि फॉर्म तपासून येईपर्यंत मला कुठलाच कारखाना तपासता येणार नाही, तुमचाही नाही. तीन महिने तरी."

"आणि तोवर भट्टी?" मामाने विचारलं.

खिडकीतून शेजारचं धुराडं दिसत होतं. त्यातून पाच दिवसांचा काळा धूर अजून निघत होता.

"किंवा," तपासनीस म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात माणसासारखं काहीतरी होतं, "प्रमाणित उपकरण शांत होतं हे मी लिहू शकतो. ते खोटं नाही. सील बदललंय, सगळे सांधे तपासून झालेत, बाईंच्या दुरुस्तीच्या वहीत ते आहेच. माझ्या फॉर्मवर मग एवढंच राहतं की फेरी झाली आणि काही झालं नाही."

मामाने त्या धुराकडे बघितलं. केरसुणी सहा वर्षांत एकदाच पेटली होती. एका माणसाचा जीव वाचला होता, आणि तो माणूस समोर बसून ते न लिहिण्याची परवानगी मागत होता. मामाला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला. मग त्याला कुंडी उचलून खाली ठेवणारा दादाचा हात आठवला.

"लिहा," तो म्हणाला. "काही झालं नाही."

तपासनिसाने सही केली. जाता जाता दारापाशी तो थांबला, बाजूला सरकला आणि मामाला आधी बाहेर जाऊ दिलं.

सोमवारी भट्टीत पुन्हा हायड्रोजन गेला. मामाला नवी केरसुणी मिळाली, यादीत तिच्यापुढे क्रमांक एक असंच लिहिलं गेलं, आणि घरी वहिनीला तीन नव्या केरसुण्या मिळाल्या. "जुनी कुठे गेली माझी?" तिने विचारलं. "कामी आली," मामा म्हणाला.

दादाची छाती मोकळी व्हायला वेळ लागला. पहिला आठवडा तो स्टूलावर बसायचा. मग नुसता थांबायचा. मामा रोज पिशवी पुढे धरून त्याच्या पुढे जिना चढायचा, रोज पावलं मोजायचा, आणि रोज तेच बोलणं व्हायचं.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी दोघे जिन्याशी आले.

"काय रे धाकट्या, आज काय झालं?"

"काही नाही."

"हॅ! आमच्याकडे बघ. आज नवा साचा आला, दोघांचं भांडण झालं, एकाचा बूट वितळला. आणि तुमच्याकडे कधी काही..."

पहिल्या मजल्याच्या वळणावर दादा थांबला. मामा वळला नाही, मीटर वाचत उभा राहिला. मागे कुंडी सरकल्याचा आवाज आला.

"हिला पाणी घालतं का रे कुणी?" दादा म्हणाला. "सुकलीय बिचारी, आणि जमिनीवर काय ठेवलीय, येताजाता लाथ बसेल." त्याने कुंडी उचलून स्टूलावर ठेवली, हात झटकले आणि चढायला लागला. दुसरा मजला आला. कठडा आला. कठडा मागे गेला. दादाचं बोलणं चालूच होतं, साच्याबद्दल, बुटाबद्दल. मामा नेहमीसारखा एक पाऊल टाकत होता, पिशवी वरखाली फिरवत होता, दुसरं पाऊल टाकत होता.

"अरे सरक की बाजूला," मागून दादा वैतागून म्हणाला. "किती वेळ लावतोस!" आणि मामाच्या खांद्याला धक्का देऊन, त्याच्या हातातल्या पिशवीखालून वाकून, तो पुढे निघून गेला.

मामा पिशवी हवेत धरून तसाच उभा राहिला. दादाची पावलं वर जात होती, एकामागून एक, मधे कुठे न थांबता. वर दार वाजलं.

"आले?" वहिनीने विचारलं. "भाऊजी कुठेत?"

"येतोय मागून," दादाचा आवाज आला. "दमला असेल."